उपकाराचा हिशेब

ज्याला आधार दिला त्याने पुढे हिशेब मागितला, तर समाज त्याच्यासाठी पहिला शब्द काढतो तो 'कृतघ्न'. हिशेब खरा की खोटा हे नंतर पाहिले जाते. पुष्कळदा पाहिलेच जात नाही. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलपटू मायकेल ओअर याने १४ ऑगस्ट २०२३ रोजी मेम्फिस शहरातील न्यायालयात अर्ज दाखल केला, तेव्हा हेच घडले. ज्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाने या काळ्या मुलाला घरात घेतले, त्या कुटुंबाने आपल्याला दत्तक घेतलेच नव्हते, आपल्या जीवनकथेवर मात्र पैसा मिळवला, असे त्याचे म्हणणे होते. हे प्रकरण दूरच्या एका खेळाडूच्या घरगुती भांडणाइतके लहान नाही, म्हणून मी ते तपशिलाने मांडतो आहे.

मायकेल ओअर १९८६ साली मेम्फिसमध्ये जन्मला. आई व्यसनात अडकलेली, भावंडे डझनभर. सरकारी यंत्रणेने या मुलांना वेगवेगळ्या पालनगृहांत विखुरले. शाळा कितीतरी बदलल्या. ओळखीच्या कुटुंबांच्या घरी सोफ्यावर झोपून त्याने दिवस काढले. त्याच्याच वस्तीतला एक काळा गृहस्थ आपल्या मुलाला ब्रायरक्रेस्ट या खाजगी ख्रिस्ती शाळेत घालायला निघाला, तेव्हा त्याने मायकेललाही बरोबर नेले. त्या शाळेत शॉन आणि ली ॲन टूई या दांपत्याची मुले शिकत होती. शॉन टूई हा अनेक उपाहारगृहांचा मालक आणि मिसिसिपी विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू. २००४ साली मायकेल त्यांच्या घरी राहायला गेला. २००५ मध्ये तो मिसिसिपी विद्यापीठात दाखल झाला. २००९ मध्ये बॉल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. २०१३ साली त्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. २०१६ चा हंगाम हा त्याचा शेवटचा.

या जीवनावर मायकेल लुइस या लेखकाने २००६ साली 'द ब्लाइंड साइड' हे पुस्तक लिहिले. हा लेखक शॉन टूईचा शाळासोबती. २००९ मध्ये त्यावर त्याच नावाचा चित्रपट आला. त्याने जगभर ३० कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. ली ॲनची भूमिका करणाऱ्या सँड्रा बुलक हिला २०१० साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. जगाने ही कथा पाहिली ती अशी: एका दयाळू गोऱ्या बाईने एका मुक्या, मंद, धिप्पाड काळ्या मुलाला माणसात आणले.

आता कायद्याकडे वळू. टूई दांपत्याने २००४ साली न्यायालयाकडून जे मिळवले त्याचे नाव 'कॉन्झर्व्हेटरशिप'. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्या सज्ञान व्यक्तीला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारी ही व्यवस्था आहे. ब्रिटनी स्पिअर्स ही गायिका २००८ ते २०२१ अशा एका व्यवस्थेत अडकली होती. तेव्हापासून हा शब्द जगभर पोहोचला. मायकेल त्या वेळी अठरा वर्षांचा होता. त्याला कोणतेही शारीरिक वा मानसिक अपंगत्व असल्याचे माहीत नाही, असे न्यायालयाच्या आदेशातच नमूद होते. तरीही या कॉन्झर्व्हेटरांच्या मंजुरीवाचून त्याला कोणताही करार करता येणार नाही, असे त्याच आदेशाने ठरवले.

दत्तक आणि कॉन्झर्व्हेटरशिप यांतला फरक विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. दत्तक गेलेला मुलगा कायद्याने मुलगा होतो, वारस होतो. आणि तो सज्ञान असेल तर स्वतःचे करार स्वतः करतो. कॉन्झर्व्हेटरशिपमध्ये माणूस कोणाचा मुलगा होत नाही, वारस होत नाही, उलट स्वतःच्या सहीचा अधिकार गमावतो. दत्तकात नाते मिळते आणि हक्क शाबूत राहतो. इथे हक्क जातो आणि नातेही मिळत नाही. अठरा वर्षांवरील मुलाला दत्तक घेता येत नाही असे वकिलांनी आम्हाला सांगितले होते, असा खुलासा शॉन टूईने केला. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांखालच्या मुलालाच दत्तक घेता येते, त्यामुळे मराठी वाचकाला हा खुलासा पटण्याजोगा वाटेल. पण टेनेसी राज्यात सज्ञान व्यक्तीला तिच्या संमतीने दत्तक घेता येते.

मग हा मार्ग का निवडला? टूई कुटुंबानेच दिलेले उत्तर विद्यापीठीय खेळाच्या व्यवस्थेवर प्रकाश टाकणारे आहे. त्या काळी अमेरिकन विद्यापीठांच्या संघांतून खेळणाऱ्यांना मोबदला घेण्यास बंदी होती. विद्यापीठे आणि प्रशिक्षक कोट्यवधी कमवत. खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही नाही. स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा पैसा घेण्याची मुभा या खेळाडूंना १ जुलै २०२१ पासून मिळाली. विद्यापीठाच्या धनिक पाठीराख्याने खेळाडूला घर, गाडी, कपडे दिले तर ते नियमबाह्य. कुटुंबाने दिले तर चालते. टूई हे मिसिसिपी विद्यापीठाचे पाठीराखे आणि मायकेल त्याच विद्यापीठात जाणार. तेव्हा तो कुटुंबातला आहे हे कागदावर दिसणे आवश्यक होते. म्हणजे हा कागद मायकेलच्या गरजेइतकाच, किंवा त्याहून अधिक, त्या खेळव्यवस्थेच्या गरजेचा होता.

या भूमीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा कागद वाचताना आणखी काही आठवेल. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ साली, मिसिसिपी राज्याने एक कायदा केला. अनाथ किंवा ज्यांचे आईबाप पोसू शकत नाहीत अशा काळ्या मुलांना वारसा न्यायालयाने एखाद्या मालकाकडे 'उमेदवार' म्हणून बांधून द्यावे, मुलग्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि त्यात पूर्वीच्या मालकाला प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले होते. भाषा पालनाची, व्यवहार वेठीचा. जेम्स मेरेडिथ हा पहिला काळा विद्यार्थी १९६२ साली मिसिसिपी विद्यापीठात दाखल झाला तेव्हा तिथे दंगल उसळली आणि दोन माणसे मेली. मेम्फिसमध्येच १९६८ साली काळ्या सफाई कामगारांनी 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात अडकवून संप केला. त्या संपाच्या पाठिंब्यासाठी गेलेले मार्टिन लूथर किंग तिथेच ४ एप्रिल रोजी मारले गेले. टूई कुटुंब हे त्या जुन्या मालकांचे वारस आहेत असे मला म्हणायचे नाही. मात्र काळ्या मुलाच्या वतीने गोऱ्याने सही करावी यात ज्या न्यायालयाला २००४ साली काही खटकले नाही, ते न्यायालय याच इतिहासाच्या मातीत उभे होते. मुंबईत १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्यावरून आपले नाव घेतले, त्या काळ्या माणसांच्या लढ्याचा हा पुढचा अध्याय आहे, असे समजून तो वाचावा.

आता पैसा. टूई दांपत्य आणि त्यांची दोन मुले यांना प्रत्येकी २ लाख २५ हजार डॉलर आणि चित्रपटाच्या निव्वळ नफ्यातील अडीच टक्के मिळाले, आपल्याला काहीच नाही, असा ओअरचा आरोप होता. २००७ सालच्या एका कागदावर त्याची सही दाखवली गेली. त्यात त्याने आपल्या जीवनकथेचे हक्क मोबदल्याविना देऊन टाकले होते. असे आपण जाणूनबुजून कधी केले नाही, असे तो म्हणाला. टूई कुटुंबाने आरोप फेटाळले. मिळालेली रक्कम पाच जणांत समान वाटली आणि मायकेलला सुमारे १ लाख ३८ हजार डॉलर दिले, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. टूई कुटुंब व ओअर यांच्या वतीने काम पाहणाऱ्या एजन्सीकडे एकूण सुमारे ७ लाख ६७ हजार डॉलर दिल्याचे निर्मात्या कंपनीनेही जाहीर केले. मायकेलच्या व्यावसायिक कमाईला आम्ही हात लावला नाही, त्याचे करार त्यानेच केले, असेही कुटुंबाचे म्हणणे. त्यांच्या वकिलाने तर ओअरने दीड कोटी डॉलर मागून खंडणीचा प्रयत्न केल्याचा उलट आरोप केला.

दोन्ही बाजू मांडल्या, कारण मला निकाल द्यायचा नाही. पण टूई कुटुंबाचेच आकडे खरे धरले तरी प्रश्न उरतोच. ३० कोटींच्या गल्ल्यातून ज्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला त्या पाचही जणांना मिळून पावणेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे दहा लाखांहूनही कमी डॉलरांची रक्कम मिळाली. बडे स्टुडिओ 'निव्वळ नफा' ठरवताना जाहिरात, वितरण, व्याज सारे वजा करतात; नफ्यातला टक्का म्हणून दिलेले वचन त्यामुळे पोकळ ठरते. स्वतः लेखक लुइस यानेही राग स्टुडिओंवर काढावा असे सुचवले. दुसरे असे, की पाच समान वाटे म्हणजे चार वाटे एका घरात आणि एक वाटा ज्याची कथा आहे त्याला. वाटणीच्या वेळी तो मुलगा ठरला, म्हणून समान हिस्सा. करार करण्याच्या वेळी तो आश्रित ठरला, म्हणून सही दुसऱ्याची. आणि वारसाच्या प्रश्नावर तो कायद्याने कोणीच नव्हता. एकाच माणसाचे नाते प्रसंगानुसार कसे बदलते ते इथे दिसते.

एका अभ्यासवर्गात हे प्रकरण मांडत असताना एक विद्यार्थिनी म्हणाली, "पण सर, त्यांनी त्याला घर दिलं, शिकवलं. ते खोटं का?" ते खोटे नाही. घर दिले, शिकवणी लावली, ममतेने वागवले, हे ओअरनेही आपल्या २०११ च्या आत्मकथनात लिहिले आहे. त्याच पुस्तकात कॉन्झर्व्हेटर हा शब्दही आहे, आणि टूई कुटुंबाचे वकील तो पुरावा म्हणून पुढे करतात. पण तिथे तो लिहितो ते असे, की हे दत्तक आईबाप असण्यासारखेच आहे असे त्याला सांगण्यात आले होते. शब्द त्याला ठाऊक होता, अर्थ दुसऱ्याने सांगितलेला होता. कायद्याची भाषा ज्याच्या घरात कधी आली नाही, त्याला कागदाचा अर्थ नेहमी दुसऱ्याकडूनच घ्यावा लागतो. हे आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांना विचारा.

पैशाइतकीच ओअरची दुसरी तक्रार महत्त्वाची आहे. चित्रपटात त्याला खेळाचे काहीच कळत नाही. घरातला लहान मुलगा त्याला टेबलावर बाटल्या मांडून डाव समजावतो, बाई मैदानात येऊन शिकवते. ओअरने २०११ मध्येच लिहिले, की तो लहानपणापासून हा खेळ अभ्यासत आला होता. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या डाव्या, न दिसणाऱ्या बाजूचे रक्षण करणे हे त्याचे काम. ते नुसत्या अंगबळाचे नसते, समोरच्याचा डाव क्षणात ओळखण्याचे असते. पण उपकाराची कथा उभी राहायची तर उपकृत माणूस रिकामा दाखवावा लागतो. त्याच्याजवळ बुद्धी, कष्ट आणि त्याच्याच वस्तीतली मदत आधीपासून होती असे दाखवले, तर उपकारकर्त्याची उंची कमी होते. म्हणून मायकेलला शाळेच्या दारापर्यंत नेणारा तो काळा गृहस्थ सुरुवातीलाच पडद्यावरून मागे पडतो.

२९ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायाधीश कॅथलीन गोम्स यांनी ही कॉन्झर्व्हेटरशिप संपुष्टात आणली. आपल्या ४३ वर्षांच्या कारकिर्दीत अपंगत्व नसलेल्या माणसाबाबत अशी व्यवस्था आपण पाहिली नाही, असे त्या म्हणाल्या. हिशेबाचा वाद मात्र त्यांनी निकालात काढला नाही. तो पुढे चालू ठेवला. तोवर ओअर ३७ वर्षांचा झाला होता, व्यावसायिक खेळातून बाहेर पडला होता, स्वतः बाप झाला होता. या अधिकाराचा वापरच आम्ही केला नाही, असे दुसरी बाजू म्हणते. न वापरलेले कुलूपही दाराला एकोणीस वर्षे लटकत असेल, तर त्याची किल्ली कोणाकडे होती हे विचारावेच लागते.

या सगळ्यातून शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी काय घ्यावे? मदत नाकारावी असे मी म्हणणार नाही; गरिबाच्या पोराला मदत लागते आणि ती घेण्यात लाज नाही. पण मदतीचा कागद ज्याच्यासाठी आहे त्याच्या भाषेत त्याला समजावून सांगितला पाहिजे, आणि तो समजावणारा देणाऱ्याच्या पगारावर नसावा. कागदाची प्रत त्याच्या हातात असावी. त्याच्या नावावर, चेहऱ्यावर, आयुष्यावर पैसा उभा राहत असेल, तर त्याचा हिशेब न मागता मिळावा. आपल्याकडे आत्मकथनांवर नाटके होतात, चित्रपट निघतात. लिहिणाऱ्याने हक्कांच्या कागदावर सही करण्याआधी तो स्वतंत्र वकिलाला दाखवण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि ज्याने हे सारे विचारले त्याच्या प्रेमाविषयी शंका घेऊ नये. कृतज्ञता मनाची गोष्ट आहे, ती माणूस आपणहून देतो. हिशेब हा हक्क आहे, तो मागावा लागू नये. कृतज्ञतेच्या नावाखाली हिशेब बुडवला जातो, तेव्हा उपकाराचे नाव बदलून मालकी म्हणायला आपण शिकले पाहिजे.