रस्त्याची डावी कड

पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ज्या काळी सर्वतोमुखी झाले होते, त्या काळी सायकलस्वारांकरिता निराळा मार्ग आखावा असे कोणाच्या मनातही आले नव्हते; आणि ते साहजिकच होते, कारण हँडलला डबा अडकवून भल्या पहाटे खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे निघालेला कामगारांचा लोंढा सारा रस्ताच व्यापून टाकी आणि क्वचित येणाऱ्या मोटारीला त्याच्या कलाने जावे लागे. सरकारदरबारी सायकलीची दखल कराच्या बिल्ल्यापुरती, आणि रात्री दिवा नसल्यास किंवा डबलसीट घेतल्यास होणाऱ्या दंडापुरती.

कागदोपत्री मात्र सायकल मार्गांची मापे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेने 1962 सालीच निश्चित केली होती. परंतु पुढल्या दोन-तीन दशकांत स्कूटर घरोघर आली, रस्ते रुंद झाले, आणि सायकलस्वार कडेला ढकलला गेला तो गेलाच.

2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला अग्रक्रम दिला, केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून निधीची तरतूद झाली, आणि सातारा रस्त्यावर जलद बसमार्गासोबत सायकल मार्गही अवतरले. मार्ग कसले, तुकडेच ते! कोठे मध्येच विजेची पेटी, कोठे बसथांबा, कोठे वृक्ष, आणि प्रत्येक फाटकापाशी उतार-चढाव. 2017 च्या डिसेंबरात महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास भाड्याच्या सायकली मोठ्या थाटात आल्या, आणि काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या.

माझ्या मते कसूर आखणीत झाली त्याहून अधिक देखभालीत झाली. केबलीसाठी खणलेला चर मुरूम टाकून बुजवावा, वर डांबराचा हात फिरवावा, आणि पहिल्या पावसात तो खचून नेमका डाव्या कडेला खाचा पडावा, हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. त्याच कडेला पावसाळी गटारांच्या लोखंडी जाळ्या असतात. त्यांचे गज रस्त्याच्या दिशेने उभे बसवले म्हणजे त्यांमधली दोन बोटांची फट मोटारीला जाणवतही नाही, पण सायकलीचे पुढले चाक त्यात अडकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. गाळ उपसण्याकरिता या जाळ्या दरसाल पावसाळ्यापूर्वी उचलल्या जातातच; त्यांतल्या ज्या चौरस आहेत, त्या परत ठेवताना गज आडवे येतील अशा बसवाव्यात, एवढीच तूर्त संबंधित खात्यास विनंती आहे.