मत नाही, पण म्हणणे आहे!
युरोपच्या बाजारपेठेतील 'बिगर सभासद' देशांची हकीकत



आपल्या कारखान्याकडे बिगर सभासदांचाही ऊस येतो. त्याची नोंद होते, तोड मिळते, काट्यावर वजन होते, बिल निघते. पण सर्वसाधारण सभेत त्यांना हात वर करता येत नाही. भाग घेतला नाही, तेव्हा मत नाही. सरळ हिशेब आहे. आता समजा, एखाद्या बिगर सभासदाला ठरावाचा मसुदा होण्याआधीच बोलावून घेतले, त्याचे म्हणणे लिहून घेतले, आणि मतदानाची वेळ आली की "आता आपण बाहेर बसा" असे सांगितले, तर? आपण म्हणाल, असा कारभार कुठे असतो काय? तर असतो. युरोपात देशादेशांमध्ये तो 1994 पासून चालू आहे. त्याची माहिती या लेखात देत आहोत. साखरेचाही त्यात संबंध येतो, तेव्हा लेख शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

सत्तावीस आणि तीन

युरोपीय संघात आज 27 देश सभासद आहेत. या देशांनी आपली बाजारपेठ एक केली आहे. माल, माणसे, सेवा आणि भांडवल एका देशातून दुसऱ्या देशात बिनअडथळा जाते. त्यासाठी नियमही सगळ्यांना एकच लागतात. परंतु ही बाजारपेठ 27 देशांची नसून 30 देशांची आहे. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हे तीन देश संघाचे सभासद नाहीत, तरी बाजारपेठेत आहेत.

हे कसे झाले? 1960 साली ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगाल या सात देशांनी 'एफ्टा' नावाची आपली वेगळी व्यापार संघटना काढली होती. पुढे एकेक गडी समोरच्या संघात जाऊ लागला. ब्रिटन आणि डेन्मार्क 1973 साली गेले, पोर्तुगाल 1986 साली गेला. मागे राहिलेल्यांना काळजी पडली, की शेजारी एवढी मोठी बाजारपेठ उभी राहते आहे आणि आपण दाराबाहेर. जानेवारी 1989 मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाक दलोर यांनी एफ्टा देशांपुढे हात केला. दोघांनी मिळून निर्णय घेण्याची व्यवस्था करू, अशी भाषा त्यांनी केली. पण वर्षभरातच त्यांनी स्पष्ट केले, की निर्णयाचा हक्क पाहिजे असेल तर पुरते सभासदच व्हावे लागेल. म्हणजे बोलणी पुढे गेली, पण मत काही मिळाले नाही.

2 मे 1992 रोजी पोर्तुगालमधील पोर्तो शहरी करारावर सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 1994 पासून 'युरोपीय आर्थिक क्षेत्र' अमलात आले. स्विस जनतेने डिसेंबर 1992 मध्येच थोडक्या मतांनी त्याला नकार दिला होता. ऑस्ट्रिया, स्वीडन, फिनलंड 1995 साली सरळ सभासद झाले. नॉर्वेच्या जनतेने मात्र सभासदत्व दोनदा नाकारले, 1972 साली आणि पुन्हा 1994 साली. नाही म्हणणाऱ्यांत शेतकरी आणि कोळी आघाडीवर होते.

मसुद्याच्या वेळी खुर्ची

नियम काही एका दिवसात होत नाही. आधी आयोगाचे अधिकारी मसुदा तयार करतात. त्यासाठी देशोदेशीचे जाणकार बोलावतात. करारात कलम आहे, की आयोगाने सभासद देशांच्या तज्ज्ञांचा सल्ला जसा घ्यावा, तसाच या तीन देशांच्या तज्ज्ञांचाही घ्यावा. शिवाय हे देश आपले म्हणणे लेखी पाठवू शकतात, आणि आपले अधिकारी काही काळ आयोगाच्या कचेरीत कामाला ठेवू शकतात.

पुढे मसुदा मंत्र्यांच्या परिषदेत आणि युरोपीय संसदेत जातो. तिथे या तिघांना ना आसन, ना मत. कायदा झाला की तो संयुक्त समितीपुढे येतो आणि तिन्ही देशांच्या संमतीने त्यांनाही लागू होतो.

आता यात हाती काय लागते? एक उदाहरण घ्या. पाणी आणि तेल न धरणारे लेप, आग विझवण्याचा फेस अशा वस्तूंत 'पीएफओए' नावाचे रसायन वापरले जात असे. ते वर्षानुवर्षे जमिनीत, पाण्यात आणि माणसाच्या रक्तात टिकून राहते. त्यावर निर्बंध घालावेत असा प्रस्ताव 2014 साली जर्मनीने आणि नॉर्वेने मिळून दिला. 2017 साली तो साऱ्या संघाचा कायदा झाला. त्याच जातीच्या हजारो रसायनांवर निर्बंध मागणारा मोठा प्रस्ताव 2023 साली पाच देशांनी दिला, त्यातही नॉर्वे आहे. मत नसलेल्या देशाने कायद्याचा पाया घातला. का? तर अभ्यास तयार होता, कागद तयार होते आणि वेळ साधली होती. मसुदा ओला असतानाच त्यावर बोट उठते, वाळल्यावर उठत नाही.

नकाराचा हक्क आणि त्याची किंमत

एखादा नियम नकोच असेल, तर संमती न देण्याचा हक्क या देशांना आहे. पण तो वापरला, तर बाजारपेठेचा त्या विषयाचा भाग त्यांच्यापुरता स्थगित होऊ शकतो.

टपालाचा प्रश्न असाच गाजला. 50 ग्रॅमपर्यंतच्या पत्रांवरची सरकारी मक्तेदारी काढून टाका, असा संघाचा 2008 चा आदेश होता. नॉर्वेच्या डोंगराळ वस्त्यांना टपाल कोण पोचवणार, म्हणून तिथल्या मजूर पक्षाच्या अधिवेशनाने 2011 साली विरोधाचा ठराव केला आणि सरकारनेही नकार जाहीर केला. पण 2013 साली सरकार बदलले आणि नव्या सरकारने नकार मागे घेतला. जानेवारी 2025 मध्ये विजेच्या नियमांवरून वाद पेटला आणि सेंटर पक्ष सरकारातून बाहेर पडला. हा मूळचा शेतकऱ्यांचा पक्ष. त्याचे जुने नावही शेतकरी पक्ष असेच होते.

नॉर्वे सरकारनेच नेमलेल्या समितीने 2012 साली अहवाल दिला. संघाच्या कायद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आपण घेतले आहेत आणि ते करताना आपल्या मतदाराचा आवाज कुठेच नसतो, हे तिने साफ मांडले. लोक या कारभाराला 'फॅक्स लोकशाही' म्हणू लागले. कायदा तिकडे होतो, इकडे फक्त कागद येतो!

वर पैसेही द्यावे लागतात. 2014 ते 2021 या मुदतीसाठी तिन्ही देशांनी मिळून संघातील मागास देशांना 2.8 अब्ज युरो देऊ केले. त्यातला बहुतेक वाटा नॉर्वेचा.

मग मिळवले काय? शेतीचे धोरण त्यांनी स्वतःच्या हाती ठेवले. 2013 च्या जानेवारीपासून नॉर्वेने बाहेरच्या काही कडक चीजवर 277 टक्के जकात बसवली. संघाने आरडाओरड केली, पण जकात बसली. उलट बाजूही आहे. नॉर्वेचा ताजा सॅमन मासा संघात जाताना 2 टक्के जकात लागते, आणि तोच धुरी देऊन पक्का केला की 13 टक्के. कच्चा माल द्या, पक्का आम्ही करू, असाच त्याचा अर्थ. ऊस पिकवणाऱ्यांनी स्वतःचे कारखाने का काढले, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा म्हणजे यातली मेख समजेल.

साखरेचा दावा

ज्यांना मसुद्याच्या वेळीही खुर्ची नाही, त्यांनी काय करावे? युरोप बीटपासून साखर करतो आणि तेथील बीट उत्पादकाला मोठे संरक्षण होते. त्या जोरावर जादा साखर स्वस्तात परदेशी जात असे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. एप्रिल 2005 मध्ये अपिलातही निकाल त्यांच्या बाजूने लागला. युरोपात साखर धोरण बदलण्याची चर्चा आधीपासून होतीच; या निकालाने ती टाळण्याची सोय उरली नाही. 2006 पासून साखरेची आधारभूत किंमत टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवली, अनेक कारखाने बंद झाले, आयर्लंडमध्ये तर 2006 साली साखर काढणेच थांबले. सप्टेंबर 2017 अखेर कोटाही संपला.

यात आणखी एकाला झळ बसली, ती मॉरिशसला. तिथे मराठी मुलखातून गेलेल्यांची जुनी वस्ती आहे. युरोपच्या चढ्या दरावर मॉरिशसची साखर विकली जात होती. दर उतरला तो त्यांना न विचारता.

आपल्याकडे द्राक्ष बागायतदारांनी 2010 साली हेच सोसले. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'सीसीसी' या औषधाचा अंश युरोपच्या तपासणीत सापडला, माल अडकला आणि नुकसान उत्पादकाच्या पदरी आले. असे नवे नियम करताना जागतिक व्यापार संघटनेला आगाऊ कळवावे लागते आणि इतर देशांना हरकती मांडायला साधारण 60 दिवस मिळतात. खिडकी लहान आहे, पण आहे. तिथे आपली माहिती वेळेवर पोचली पाहिजे.

आपण काय घ्यावे?

सभासदहो, या साऱ्याचे सार एवढेच, की नियम मतदानाच्या दिवशी घडत नाही, तो आधी घडतो. मत नसलेला नॉर्वे कागद घेऊन आधी जातो, म्हणून त्याचे थोडेफार चालते. शेवटच्या घटकेला मात्र त्याला मताची उणीव भासतेच. आपल्यापाशी तर मत आहे. शेअरचा दाखला ट्रंकेत ठेवून भागत नाही. सभेची नोटीस आली की विषयपत्रिका वाचावी, पोटनियम दुरुस्ती असेल तर मसुदा मागून घ्यावा, गटाच्या बैठकीत बोलावे, आणि प्रश्न मुदतीत लेखी द्यावेत. ठराव मंजूर झाल्यावर चावडीवर बसून केलेली चर्चा इतिवृत्तात येत नाही.