स्वयंचलित ठिबक : नळी भरली का, ते पाहा!



उसाच्या जोडीला एकर-दोन एकर डाळिंब आपल्यापैकी पुष्कळांनी केले आहे. काहींनी आपोआप पाणी सोडणारी पेटीही बसवली. "साहेब, घ्यावी का?" असे विचारणारे रोज भेटतात. जरूर घ्यावी. पण आधी आमची एक चूक ऐका.

ऑटो स्टार्टर आपल्याला नवा नाही. लाईट आली की मोटर सुरू. रान ओले की कोरडे, त्याला देणेघेणे नाही. ही पेटी मात्र रानाला विचारते. झाडाजवळ पाण्याने भरलेली नळी रोवतात, तिला टेन्शिओमीटर म्हणतात. माती वाळेल तशी ती खालच्या सच्छिद्र टोकातून पाणी ओढते आणि काटा चढतो. शून्य म्हणजे रान तुडुंब. मध्यम जमिनीत काटा ३० च्या आसपास गेला, की पेटीने व्हॉल्व्ह उघडावा, असे लावून ठेवतात.

यात फायदा किती? झाडाला ताशी चार लिटरचे चार ड्रीपर, एकरी ३०० झाडे, म्हणजे तासाला ४,८०० लिटर. रोज एक तास जादा चालले, तर महिन्याला १ लाख ४४ हजार लिटर फुकट. वर मर रोगाला आमंत्रण.

आता चूक. मागच्या आंबे बहाराला एका सभासदांनी ताण मोडला, पहिले पाणी हाताने दिले आणि पेटी लावली. त्यांना पाहुण्यांकडे लग्नाला जायचे होते. आम्हीच म्हणालो, "खुशाल जा, पेटी आहे ना!" दहा-बारा दिवसांनी येऊन पाहतात तो कळीचा सडा पडलेला, आणि काटा शून्यावर!

झाले असे, की ताणात रान फार वाळले. काटा ८० च्या वर जाऊ लागला, की नळीत हवा शिरते आणि काटा खाली येतो. रान भेगाळले होते, पेटीला मात्र चिखल दिसत होता. सभासद आम्हाला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागले.

तेव्हा ताण मोडताना नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, हातपंपाने हवा काढा. टोक ड्रीपरच्या ओलीत, फूटभर खोल, मातीला घट्ट चिकटलेले हवे. काळ्या रानात भेग पडून ते सुटते, तेही बघा. आणि आठवड्यातून एकदा मूठभर माती दाबून पाहायला पेटी लागत नाही.

हातपंप गट ऑफिसात ठेवला आहे. न्यावा, पण दुसऱ्या दिवशी परत आणावा.