खारा वारा आणि नवा कर्नल

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि नागावच्या वाड्यांमधल्या पोफळी-माडांची दैना झाली. आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. ती आली तेव्हा संगणकही चालू झाला. वाडीचा हिशोब, पाहुण्यांच्या नोंदी, आईचे जुने फोटो, सगळे शाबूत होते. त्या हार्ड डिस्कवर तेव्हापासून माझा जीव जडला.

2021 च्या पावसाळ्यानंतर संगणकावरच्या डेबियन लिनक्सच्या 10 वरून 11 वर गेलो. 4.19 च्या जागी 5.10 कर्नल, म्हणजे प्रणालीचा नवा गाभा, आला आणि सुरू होतानाच पडद्यावर एररची रांग लागली: फेल्ड कमांड, आयसीआरसी, लिंक रीसेट. नव्या कर्नलनेच घात केला, अशी माझी खात्री झाली. दोन दिवस त्यातच घालवले. मग ग्रबच्या मेनूतून जुना 4.19 निवडला. एरर तशाच! डिस्क स्वतःच ठेवते त्या स्मार्ट नोंदींच्या तक्त्यात खराब सेक्टरांचे 5 आणि 197 हे दोन्ही रकाने शून्यावर होते. 199 चा सीआरसी आकडा मात्र वाढत होता. म्हणजे तबकडी धडधाकट, पण डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडत होता. साटा केबल उपसली, तर खाऱ्या वाऱ्याने टोके काळवंडलेली. नवी केबल लावली आणि आकडा जागीच थांबला. तो पुन्हा शून्यावर येत नसतो. वाढला नाही की झाले.

मग अपडेटच्याच दिवशी हे का घडले? एरवी हिशोबाच्या चार ओळी लिहिणाऱ्या यंत्राला त्या दिवशी हजारो फाइली लिहाव्या लागल्या. दुखणे आधीचेच होते, त्या भाराने ते वर आले.

डिसेंबर 2023 मध्ये मात्र दोष खरोखर कर्नलचाच निघाला. डेबियन 12.3 सोबतच्या 6.1.64 मध्ये ईएक्सटी4 फाइल प्रणालीवरचा डेटा खराब करणारी चूक सापडली. ते प्रकाशन थांबवले गेले आणि 10 डिसेंबरला 6.1.66 घेऊन थेट 12.4 आले. असला दोष स्मार्टच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. माझे अपडेट तेव्हा राहून गेले होते, म्हणून वाचलो. तेव्हापासून नवा कर्नल नीट चालतोय अशी खात्री पटेपर्यंत जुना मी काढत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: एरर दिसताच आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, मग जुन्या कर्नलवर पडताळा. प्रत हाती येईपर्यंत फाइल प्रणाली दुरुस्त करणारे एफएसचेक चालवू नका.