विकत घेतलेल्या पाट्या

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात भर वस्तीत सेंट जेम्स पार्क आहे. न्यूकॅसल युनायटेड 1892 पासून तिथे खेळतं. नोव्हेंबर 2011 मध्ये क्लबचे मालक माइक ॲश्ली यांनी मैदानाला ‘स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना’ असं नाव दिलं. आता ही खेळाच्या कपड्यांची दुकानं चालवणारी कंपनीही त्यांचीच! म्हणजे बाहेरून पैसा आलाच नव्हता. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला नमुन्याची पाटी लावली होती. गिऱ्हाईक मिळालं तर वर्षाला 80 लाख ते 1 कोटी पौंड येतील, असा क्लबचा हिशेब.

शहर खवळलं. फेब्रुवारी 2012 मध्ये जुनी मोठाली अक्षरं उतरवली गेली, तर कुणीतरी भिंतीवर स्प्रेने तेच नाव लिहून ठेवलं. ऑक्टोबरमध्ये वोंगा नावाची कंपनी पुढे आली. जर्सीवरच्या जाहिरातीसोबत तिने मैदानाच्या नावाचे हक्कही घेतले आणि जाहीर केलं, की नाव पुन्हा सेंट जेम्स पार्कच राहील. ही कंपनी जबर व्याजाने अल्पमुदतीची कर्जं देणारी. तिच्यावर टीकेची झोड उठलीच; पण न्यूकॅसलकरांची नस तिला ॲश्लींपेक्षा बरी सापडली होती.

अशा करारात पाटीचा खर्च किरकोळ. खरी किंमत मोजली जाते ती लोकांनी येता-जाता आपलं नाव घ्यावं म्हणून. प्रक्षेपणवाल्यांना करारात बांधता येतं, बाकीच्यांचं काय करणार? डेन्व्हरमध्ये 2001 साली नवं स्टेडियम ‘इन्व्हेस्को फील्ड’ म्हणून उघडलं, तर ‘डेन्व्हर पोस्ट’ने ते नाव छापायलाच सुरुवातीला नकार दिला. सॅन फ्रान्सिस्कोत 2004 मध्ये मतदारांनी थेट कौल दिला, की सध्याचा करार संपला की मैदान पुन्हा ‘कँडलस्टिक पार्क’.

आपल्याकडे पुण्याजवळ गहुंज्याला भांडण झालं, पण वेगळंच. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं हे स्टेडियम 2012 मध्ये सुब्रत रॉय सहारा यांच्या नावाने उघडलं. करार दोनशे कोटींच्या वरचा. पैसे थकले, तसं 2013 मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याआधी असोसिएशनने ते नाव झाकून टाकलं. प्रेक्षकांपैकी कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही. हळहळणार तरी कशाला? मैदान कोरं, नाव वर्षभराचं, त्यात कुणाचं बालपण गेलेलं नाही. वाद उरला तो फक्त थकबाकीचा, वकिलांनी बघून घेण्यासारखा.

बार्सिलोनाने हा फरक ओळखलेला दिसतो. 2022 मध्ये स्पॉटिफायशी करार करताना जुनं नाव पुसलं नाही, त्याच्या पुढे कंपनीचं जोडलं: ‘स्पॉटिफाय कँप नोऊ’. कागदावर दोन्ही आहेत. त्यातलं पहिलं किती जण उच्चारतात, हे करार नव्याने करायची वेळ आली की स्पॉटिफायवाले मोजतीलच.