माफीनंतरचे सप्रे

सार्वजनिक गणेशोत्सव म्हटला की टिळकांचे नाव आपसूक येते, आणि रायपूरही त्याला अपवाद नाही. इथल्या समता कॉलनीच्या शेजारीच चौबे कॉलनीत १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे, त्यामुळे मराठी सणावारांची परंपरा या भागाला नवी नाही. पण टिळकांचा विचार या प्रदेशात ज्याने हिंदीतून पोहोचवला, तो मराठी माणूस याच शहरात राहिला आणि २३ एप्रिल १९२६ रोजी इथेच वारला. माधवराव सप्रे हे त्याचे नाव. आज ते एका शाळेच्या पाटीवर आहे, आणि हिंदी साहित्याच्या इतिहासात आहे. उत्सवाच्या व्याख्यानमालेत त्यांना जागा मिळावी असे मला वाटते, आणि त्याचे कारण त्यांच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या पडझडीत सापडते.

१९०० साली पेंड्रा या गावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. प्रकाशक होते वामन बळीराम लाखे. मासिक तीन वर्षांत बंद पडले. पुढे १९०७ मध्ये नागपुरातून त्यांचा ‘हिंदी केसरी’ निघाला आणि टिळकांचे लेख हिंदी वाचकांच्या हाती पडू लागले. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली सप्र्यांना अटक झाली. इथे कथेला वेगळे वळण लागते. टिळक मंडालेला गेले. सप्रे मात्र कुटुंबीयांच्या दडपणाखाली माफी लिहून देऊन काही महिन्यांत सुटले.

माफी मागणाऱ्याला वीर कसे म्हणायचे, हा आक्षेप रास्त आहे आणि तो सप्र्यांनाही मान्य असावा, कारण त्यांनी त्या माफीचे समर्थन करण्यात उर्वरित आयुष्य घालवले नाही. ते वर्ध्याजवळच्या हनुमानगढला रामदासी सत्पुरुषाच्या आश्रयाला गेले, मधुकरी मागून राहिले, दासबोधाचे पारायण करत राहिले. प्रायश्चित्ताची ही कल्पना पूर्णपणे हिंदू परंपरेतली आहे, पण तिचा शेवट वैराग्यात झाला नाही. त्यांनी दासबोध हिंदीत आणला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आले, तेव्हा त्याचा हिंदी अनुवादही सप्र्यांनीच केला. फलाची आशा न धरता कर्म करावे, असे सांगणारा तो ग्रंथ. ज्याचे कर्म लोकांच्या डोळ्यांदेखत फसले होते, त्याने तो हिंदी वाचकाला दिला. रायपुरात त्यांनी मुलींसाठी शाळाही काढली. प्रायश्चित्त म्हणजे उपास आणि दक्षिणा असा समज असणाऱ्यांनी हा क्रम पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. धर्मग्रंथ आणि देवाचे उत्सव स्वातंत्र्यलढ्यात आणल्याने मुसलमान आणि अस्पृश्य मानलेला समाज दुरावला, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर गणेशोत्सव सार्वजनिक झाला, ही पार्श्वभूमी लपवून उपयोग नाही. पण धर्माच्या अशा वापराला एकच दिशा होती, हेही खरे नाही. याच परिसरात राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा यांनी राजीवलोचन मंदिराची दारे बाहेर ठेवलेल्यांसाठी उघडण्याची चळवळ १९२५ मध्ये केली, तीही धर्माच्याच भाषेत. म्हणजे परंपरा एकच असली तरी तिचा उपयोग दार लावायलाही होतो आणि उघडायलाही. निवड माणसांची असते, आणि तिची जबाबदारीही माणसांचीच.

‘छत्तीसगढ मित्र’चे प्रकाशक लाखे यांनीही अशीच निवड केली: सरकारी ‘रायसाहेब’ पदवी असहकाराच्या काळात परत केली आणि शहरात राष्ट्रीय शाळा चालवली. रायपूरच्या लाखेनगरात राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? निष्कलंक वीर व्यासपीठावर शोभतो, पण मुलांना त्याच्याकडून चुकल्यावर काय करावे हे कळत नाही. तेव्हा येत्या गणेशोत्सवात समता कॉलनीतल्या मंडळांनी एक संध्याकाळ सप्रे आणि लाखे यांच्यासाठी राखून ठेवावी, आणि वक्त्याला माफीचा प्रसंग न वगळण्याची विनंती करावी.