ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो

मी बीटेक, काम कोडिंगचं. ट्रान्सफॉर्मरचा फॉर्म्युला परीक्षेपुरता पाठ केलेला. माझा मावसभाऊ आयटीआय करून वायरमनच्या हाताखाली अप्रेंटिस लागलाय. गावातल्या डीपीकडे बोट दाखवून म्हणाला, "दादा, हा ११,००० व्होल्टचे ४३३ करतो. पण लाइट गेल्यावर कुणी जनरेटर घरच्या वायरिंगला डायरेक्ट जोडला तर?"

मी गप्प. (चार वर्षं इंजिनिअरिंग करून!)

आत लोखंडी कोअरवर दोन कॉइल. वीज कुठल्या बाजूनं आली, त्याला फरक पडत नाही. कमी वेढ्यांकडून दिली, तर जास्त वेढ्यांकडे हजारो व्होल्ट निघू शकतात. आणि तिकडे बंद समजून कुणी खांबावर चढलेला असतो. म्हणून लाइनमन आधी लाइन टेस्ट करतात, डिस्चार्ज रॉडनं अर्थ करतात, मगच हात लावतात.

तुमच्या घरी जनरेटर आहे? चेंजओव्हर स्विच बसवलाय का, बघा जरा.